नाक कुणाचे, मोजपट्टी कुणाची?

नाकाच्या शस्त्रक्रियेवर आंबेडकरी कार्यकर्त्यांनी लेख लिहावा का, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, वसतिगृहात जागा नाहीत, अॅट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि तुम्हाला नाकाचे काय सुचते? प्रश्न रास्त आहे. पण गेली काही वर्षे आमच्या अभ्यासवर्गांना येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना हा विषय पुन्हा पुन्हा निघतो. नुकती नोकरी लागलेली, पहिले दोन-चार पगार हातात आलेली ही मुले आहेत. वर्ग संपला, सगळे पांगले की ती हळूच विचारतात, "नाकाचे ऑपरेशन करून घेतले तर काय बिघडले?"

प्रश्न दबक्या आवाजात येतो, कारण विचारणाऱ्याला दोन उत्तरे आधीच ठाऊक असतात. एक क्लिनिकच्या जाहिरातीचे: काही होत नाही, दोन तासांचे काम आहे, चेहरा उजळून निघेल. दुसरे आपल्याच एखाद्या कार्यकर्त्याचे: बाबासाहेबांची लेकरे म्हणवता आणि नाक कापायला निघालात, लाज वाटत नाही? आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिले धोका लपवते, दुसरे दुखणे लपवते. म्हणून आम्ही दोन्ही बाजू मांडून बोलायचे ठरवले आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. अपघातात मोडलेले नाक, जन्मजात व्यंग, वाकडा पडदा आणि त्यामुळे कोंडणारा श्वास, कुष्ठरोगाने बसलेले नाक, अॅसिड हल्ल्यात जळालेला चेहरा, या सगळ्यांवर होते ती शस्त्रक्रिया म्हणजे उपचार आहे. तो हक्क आहे. अॅसिड हल्ल्यातील पीडितांवर खासगी रुग्णालयांनीही मोफत उपचार केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले आहे. या लेखाचा विषय तो नाही. श्वास नीट चालतो, वास नीट येतो, नाक धडधाकट आहे; फक्त ते रुंद आहे, बसके आहे, "चाफेकळी" नाही, म्हणून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल आम्ही बोलत आहोत.

मोजपट्टी कुठून आली?

आपल्या भाषेकडेच पाहा. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने" ही म्हण आपण हसत हसत वापरतो. स्थळ सांगताना "नाकी-डोळी नीटस" हे शब्द आपोआप तोंडात येतात. शाळेत रुंद नाकाच्या पोराला "भज्या" म्हणून चिडवले जाते आणि गुरुजीही हसतात. 'फँड्री'मधला जब्या नाक सरळ व्हावे म्हणून नाकाला चिमटा लावतो तेव्हा थिएटरात हशा होतो. पण आपल्यातल्या कितीतरी जणांना तो चिमटा आपल्याच नाकाला लागल्यासारखा वाटला होता.

हे केवळ आवडीनिवडीचे प्रकरण नाही. या देशात माणसाचे नाक खरोखर मोजले गेले आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील जाती-जमातींवरचा आपला ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे, आणि येणारा आकडा म्हणजे त्या माणसाचा नासिका-निर्देशांक. ७० च्या खाली अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, ८५ च्या वर रुंद. रिस्लेचा सिद्धांत असा की नाक जितके रुंद तितका जातीचा सामाजिक दर्जा खाली. हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता आणि त्याच जनगणनेत जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा उद्योग झाला. जातीची उतरंड आधीपासून होतीच. रिस्लेने तिला विज्ञानाचा शर्ट घातला.

त्याच्याही आधी वेदांचा अर्थ लावणाऱ्यांनी नाक ओढून आणले होते. ऋग्वेदात दस्यूंसाठी एके ठिकाणी "अनास" असा शब्द येतो. मॅक्समुल्लरने तो "अ-नास" असा फोडला आणि नाक नसलेले, म्हणजे चपट्या नाकाचे लोक, असा अर्थ काढला. सायणाचार्यांनी तोच शब्द "अन्-आस" असा फोडला होता. अर्थ, नीट बोलता न येणारे. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा वाद तपासला आणि सायणाचा अर्थ चुकीचा मानायला काहीही कारण नाही, हे दाखवून दिले. एका शब्दाची फोड बदलली आणि त्यावर लक्षावधी माणसांच्या चेहऱ्यांचा इतिहास उभा केला गेला.

पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी रिस्लेची मोजपट्टीच हातात घेतली. डॉ. घुर्ये यांनी मांडलेले नाकाच्या मोजमापांचे आकडे त्यांनी प्रांतवार तपासले. त्या आकड्यांत संयुक्त प्रांतातला ब्राह्मण त्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबच्या चुहड्याला जास्त जवळचा निघतो. बाबासाहेबांचा निष्कर्ष सरळ होता: मोजमापाचे हे शास्त्र विश्वासार्ह मानले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. म्हणजे तुमचीच पट्टी लावा, तरी तुमचा दावा खोटा. नाकावरून जात ठरत नाही, अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हे त्यांनी शत्रूच्याच हत्याराने सिद्ध केले.

विज्ञानही आज तेच सांगते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वेगवेगळ्या खंडांतील मूळ असलेल्या लोकांची नाके तपासली. नाकपुड्यांच्या रुंदीचा संबंध हवेतील उष्णता आणि ओलावा यांच्याशी दिसला. थंड, कोरड्या हवेत नाक अरुंद, उष्ण दमट हवेत रुंद. आत येणारी हवा गरम आणि ओली करणे हे नाकाचे काम आहे. रुंद नाक म्हणजे बिघडलेले नाक नव्हे. ते इथल्या हवेत हजारो वर्षे श्वास घेत आलेल्या पूर्वजांचे नाक आहे.

पुण्याचा विटकरी आणि बर्लिनचा डॉक्टर

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना सुश्रुताचे नाव घेतले जाते. घ्यावे. पण आधुनिक जगाला ही विद्या ज्या घटनेतून कळली ती पुण्याजवळची आहे, आणि तिच्यातला मुख्य माणूस कुणाच्या व्याख्यानात येत नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह ही हकिगत छापून आली. ते नाक करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला होता, असे त्यात नोंदले आहे. ही हकिगत वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसे ऑपरेशन केले. ज्या हातांना पोथी उघडायची मुभा नव्हती, त्या हातांची विद्या जगभर गेली. नाव मात्र पोथीचे राहिले.

ते ऑपरेशन कशासाठी होते? माणसाला अपमानित करण्यासाठी कापलेले नाक परत देण्यासाठी. या देशात नाक कापणे ही बेअब्रूची शिक्षा होती; शूर्पणखेची गोष्ट आपल्याला माहीत आहे. कापलेले नाक परत बसवणे आणि साबूत नाक कापून घेणे, या दोन्हींत चाकू एकच असला तरी दिशा उलट आहे.

साबूत नाकावरच्या शस्त्रक्रियेची कहाणी युरोपात घडली. बर्लिनमध्ये जॅक जोसेफ नावाच्या ज्यू सर्जनने १८९८ मध्ये एका माणसाचे मोठे नाक लहान केले. त्या माणसाला लोकांत जायची लाज वाटत असे. जोसेफचे नाव इतके झाले की लोक त्याला नाकांचा जोसेफ म्हणू लागले. "ज्यू नाक" म्हणून चिडवले जाणारे अनेक ज्यू त्याच्याकडे आले. आपण इतर जर्मनांसारखे दिसलो तर आपल्याला इतरांसारखे वागवतील, ही त्यांची साधी आशा होती. ती आशा हास्यास्पद नव्हती. अपमान सोसणाऱ्या कुणालाही ती समजेल.

पुढे काय झाले? १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. १९३५ चे न्युरेंबर्गचे कायदे झाले. ज्यू कोण, हे त्या कायद्यांनी नाक बघून ठरवले नाही. आजी-आजोबांच्या नोंदी बघून ठरवले. नाक बदलता आले, आजोबा बदलता आले नाहीत. द्वेष करणाऱ्याला चेहरा हे निमित्त असते. खरी यादी दप्तरात असते.

आपल्याकडची यादी कुठे असते हे बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून लिहून ठेवले आहे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. नीटनेटके कपडे घातलेली ती मुले पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची वाटली. मुलांच्या तोंडून "महार" हा शब्द बाहेर पडला आणि त्या माणसाचा चेहरा बदलला. मुलांचे नाक तेच होते, डोळे तेच, कपडे तेच. शब्द ऐकेपर्यंत ती माणसाची लेकरे होती. म्हणजे जात चेहऱ्यावर नव्हतीच. ती विचारून घ्यावी लागली.

आमच्या ओळखीच्या एका मुलीने नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. काम चांगले झाले, नाक तिला हवे तसे झाले. त्यानंतर काही महिन्यांनी ती भाड्याने घर बघायला गेली. मालकीणबाई मोठ्या प्रेमाने बोलल्या, चहा दिला, मग आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की घर नात्यातल्याच कुणाला तरी द्यायचे ठरले. नाक चाफेकळी झाले, घर मिळाले नाही.

चाकूखाली नेमके काय होते?

आता धोक्यांबद्दल बोलू, कारण जाहिरातीत हा भाग बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

नाक म्हणजे वर हाड, खाली कूर्चा, मध्ये पडदा आणि त्यावर कातडी. रुंद नाकाची कातडी बहुधा जाड असते. आतली कूर्चा कमी केली तरी जाड कातडीवर तो बदल लगेच उठून दिसत नाही. म्हणून जास्त कापण्याचा मोह होतो, आणि जास्त कापले की नाकाचा आधार ढासळतो. नाक घोड्याच्या खोगिरासारखे मध्येच खचू शकते किंवा टोक चिमटल्यासारखे होऊ शकते. नाकाच्या आत हवेची वाट जिथे सगळ्यांत अरुंद असते ती जागा आणखी आवळली गेली तर श्वास कायमचा अडखळतो. देखण्या नाकाने तोंड उघडे ठेवून झोपायची वेळ येते. मधल्या पडद्याला भोक पडणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बधिरपणा, वास कमी येणे, हे धोके वेगळे. भुलीचे धोके त्याहून वेगळे. २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची मुलगी चरबी काढण्याच्या "छोट्या" शस्त्रक्रियेनंतर दगावली. ऑपरेशन नाकाचे नव्हते, पण छोटे ऑपरेशन असे काही नसते हे तिच्या मृत्यूने शिकवले.

नाकपुड्या लहान करताना त्यांच्या बुडाशी कातडीची फाक काढून टाकतात. एकदा काढलेली फाक परत बसत नाही. नाकपुडी फार लहान झाली तर ती मोठी करणे महाकठीण. सावळ्या आणि काळ्या कातडीवर व्रण उठून राहण्याचा, काळवंडण्याचा धोका जास्त. बसके नाक उंच करायला सिलिकॉनचा तुकडा बसवला तर तो सरकू शकतो, त्यात पू होऊ शकतो, वर्षांनंतरही तो कातडी फाडून बाहेर येऊ शकतो. "चाकू नको, फक्त इंजेक्शन" असे सांगून फिलर भरणारेही आहेत. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर नाकाची कातडी मरते, आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. फिलरने अंधत्व येण्याच्या बाबतीत नाक ही चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत हे इंजेक्शन घेणाऱ्यांनी एवढे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे.

निकाल कधी कळतो? प्लास्टर निघाल्यावर नव्हे. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागते, जाड कातडीत त्याहून जास्त. आणि साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागते, असे वैद्यकीय लेखनात सांगितले जाते. दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते. आत व्रणाच्या गाठी झालेल्या असतात, कूर्चा उरलेली नसते. मग ती कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते.

आता पैसा. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा लागू होत नाही. विमा नियामकाच्या नियमांतच ती वगळलेली आहे. शस्त्रक्रियेचा खर्च लाखाच्या घरात जातो, म्हणून क्लिनिकच हप्त्यांची सोय करून देते. आम्ही जातीचा प्रश्न आहे म्हणतो तेव्हा हेही त्यात येते. तीन पिढ्यांची संपत्ती असलेल्या घरातल्या मुलीचे ऑपरेशन बिघडले तर दुसऱ्या ऑपरेशनला पैसा तयार असतो. आपल्या घरातली पहिली पगारदार मुलगी बिघडलेल्या नाकाचे हप्ते भरत राहते, आणि घरी सांगूही शकत नाही.

पस्ताव्याचे तीन प्रकार

प्रामाणिकपणे सांगायचे तर ही शस्त्रक्रिया केलेले बहुसंख्य लोक समाधानी असतात. हे लपवून आम्हाला कुणाला घाबरवायचे नाही. पण ज्यांना पस्तावा होतो, त्यांचा पस्तावा तीन प्रकारचा दिसतो.

पहिला, काम बिघडले याचा. कोएना मित्रा या अभिनेत्रीने बिघडलेल्या नाकाबद्दल जाहीरपणे सांगितले आहे. प्रियांका चोप्राचे ऑपरेशन तर सौंदर्यासाठी नव्हतेच; नाकातला पॉलिप काढताना नाकाचा पूल खचला, चेहरा बदलला, हातातले चित्रपट गेले आणि आपण खोल नैराश्यात गेलो, असे तिने २०२१ च्या आत्मकथनात लिहिले आहे. पैसा, प्रसिद्धी आणि उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्यांची ही गत.

दुसरा पस्तावा काम चांगले होऊनही होतो. आरशातला चेहरा सुंदर असतो, पण आपला नसतो. आजीचे, बापाचे नाक गेलेले असते. घरात कुणी काही बोलत नाही, पण आई फोटोकडे पाहून गप्प होते.

तिसरा पस्तावा सर्वांत खोल. काम उत्तम होते, चेहराही आपलासा वाटतो, पण बाकी काहीच बदलत नाही. दुखणे नाकात नव्हतेच. स्वतःच्या चेहऱ्यातला एखादा दोष दिवसरात्र छळत राहतो, आरसा सुटत नाही, लोक त्याच दोषाकडे बघतात असे वाटत राहते. या त्रासाला मानसशास्त्रात नाव आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्यांत हा त्रास असलेले लोक इतरांपेक्षा जास्त आढळतात आणि शस्त्रक्रियेने त्यांना बहुधा आराम पडत नाही. त्यांना लागतो तो मानसोपचार.

आणि ज्या फोटोवरून हा निर्णय घेतला जातो तो फोटो तरी खरा असतो का? २०१८ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी हिशोब मांडला: चेहऱ्यापासून १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसते. हात लांब करून काढलेल्या फोटोतले नाक तुमचे नाही, ते भिंगाचे आहे. रिस्लेची पट्टी गेली, आता तिची जागा मोबाइलच्या कॅमेऱ्याने घेतली.

"बाबासाहेबांनीही पेहराव बदलायला सांगितला होता"

हा युक्तिवाद आमच्याशी वाद घालणाऱ्या एका हुशार मुलाने केला, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, गळ्यातले-हातातले ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा, ज्यावरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखले जाते त्या खुणा पुसून टाका. मग नाक ही खूण का पुसू नये?

फरक मूळ मुद्द्यात आहे. ते दागिने आणि ती नेसण लादलेली होती. ती खूण त्यांनी आपल्यावर मारली होती, म्हणून ती काढून टाकणे हे बंड होते. नाक कुणी लादलेले नाही. नाक ही जातीची खूण आहे हा दावाच खोटा आहे, हे बाबासाहेबांनी आकड्यांनिशी सिद्ध केले. लादलेली खूण काढणे म्हणजे त्यांचा हुकूम मोडणे. नसलेली खूण कापून काढणे म्हणजे रिस्लेचा खोटा सिद्धांत स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या रक्ताने खरा ठरवणे. लुगड्याची नेसण चुकली तर उद्या बदलता येते, हाही फरक लहान नाही.

दुसरा आक्षेप मुलींचा आहे आणि तो जास्त टोचतो. "सवर्ण मुली करतात तेव्हा त्यांना कुणी समाजाचा हिशोब मागत नाही. आमच्याच चेहऱ्यावर चळवळीचे ओझे का?" खरे आहे. चळवळीसाठी कुणी आपले नाक राखून ठेवायचे देणे लागत नाही. शरीर तिचे, निर्णय तिचा. ऑपरेशन केलेल्या मुलीला अभ्यासवर्गात टोमणे मारणारा कार्यकर्ता आणि तिला नकटी म्हणणारी शेजारीण, दोघेही तिच्या चेहऱ्यावर मालकी सांगत असतात. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की निर्णय तुझा असावा म्हणजे तो खरोखर तुझा असावा. रिस्लेचा, क्लिनिकचा किंवा स्थळ बघायला आलेल्या मावशीचा नसावा.

आपल्या घरातली मोजपट्टी

दोष सगळा बाहेरच्यांवर ढकलून चालणार नाही. आपल्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांचे अर्ज काढून बघा. रंग हा रकाना आहे. "गोरी, सडपातळ, नाकी-डोळी नीटस" ही मागणी आपलीच मुले करतात, आणि त्यात एमपीएससीतून अधिकारी झालेली, पंचशील म्हणणारी मुले पुढे असतात. घरात बुद्धवंदना आणि सून निवडताना रिस्लेची पट्टी, हे एकत्र नांदते. मुलगी नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करते तेव्हा आपण तिला स्वाभिमान शिकवतो. तिला तीन स्थळांनी नाकावरून नाकारले तेव्हा आपण कुठे होतो? मुलीला जाब विचारण्याआधी त्या अर्जातला रकाना काढा. ही मागणी आम्ही मेळावे भरवणाऱ्या आपल्या सर्व संघटनांकडे करतो.

तरीही करायचेच असेल तर

इतके वाचूनही कुणी निर्णयावर ठाम असेल, तर तो मूर्ख नाही आणि गद्दारही नाही. त्याने डोळे उघडे ठेवून पुढे जावे. वर्षभर थांबा, वर्षानंतरही तीच इच्छा राहिली तर विचार करा. लग्न जमण्यासाठी, कुणी सोडून गेले म्हणून किंवा मुलाखत आहे म्हणून करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर या वाटेला लावूच नका. एक नव्हे, दोन सर्जनना भेटा, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्वासाची तपासणी करून घ्या. डॉक्टरची पदवी कशातली आहे ते विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधली नोंदणी तपासा. भूल कोण देणार, काही बिघडले तर आयसीयू कुठे आहे, दुसरे ऑपरेशन लागले तर त्याचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. संगणकावर दाखवलेले नवे नाक ही हमी नसते.

संमतिपत्र कळत नसेल तर मराठीत मागा. रुग्णाला उपचार, धोके आणि पर्याय नीट समजावून घेतलेली संमतीच खरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ पासून निश्चित आहे. आपली कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत. बिघडले तर गप्प बसू नका. लाज तुमची नाही. मन अस्वस्थ असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन करा. मनाच्या डॉक्टरकडे जाणे हा कमीपणा नाही.

मित्रांनो, चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नव्हतो. ते पाणी माणूस म्हणून समान हक्काचे होते, म्हणून आपले लोक तिथे गेले. त्या दिवशी तळ्यावर गेलेल्या हजारो माणसांची नाके बसकी होती, रुंद होती, सरळ होती, वाकडी होती. तो फोटो आज आपल्यापाशी असता तर त्यातल्या एकाही चेहऱ्यात आपल्याला दोष दिसला नसता. मग आपल्याच चेहऱ्यात तो का दिसतो, हे ज्याने त्याने आधी स्वतःला विचारावे. उत्तर मिळाल्यावर डॉक्टरकडे जायचे की नाही, ते ठरवायला आपण मोकळे आहोत.

जय भीम!